पळणारी गाडी जुनी घेताना

कागदावर तालुका केळापूर, पण तहसील कचेरी, बाजारपेठ, बसस्थानक सगळं पांढरकवड्यात. जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हे दर वेळी समजावून सांगावं लागतं. महामार्ग मात्र सगळ्यांच्या ओळखीचा असतो. पूर्वीचा सात नंबर, आताचा राष्ट्रीय महामार्ग ४४, नागपूरहून आदिलाबाद आणि पुढे हैदराबादकडे जाताना पांढरकवड्यावरून जातो. या रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या गाड्या बघत इथली पोरं मोठी होतात. मग कापूस विकून किंवा नोकरीच्या साठवणीतून हातात चार पैसे आले, की मनात बसलेली ती एक गाडी जुन्यात मिळते का, याचा शोध सुरू होतो.

जुन्यातच का, तर यातल्या कित्येक गाड्या नव्या मिळतच नाहीत. पुण्याजवळ चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोची टर्बो इंजिनाची जीटी टीएसआय ही आवृत्ती २०१३ साली आली. पोलोचं उत्पादन भारतात २०२२ मध्ये थांबलं. रांजणगावात बनलेल्या फियाटच्या अबार्थ पुंटोला १४५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. फियाटच्या गाड्यांची विक्री २०१९ च्या सुमारास संपली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद केल्याचं जाहीर केलं. या गाड्यांचे चाहते अजून आहेत आणि गाड्या मोजक्या. त्यामुळे विकणारा घाई करतो. ‘आणखी दोघं बघून गेलेत, आज इसार द्या’ हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल तर ऐकाल.

इसार देण्याच्या आधी जे करायचं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

बैल घेताना आपला शेतकरी काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, जमलं तर जुंपून पाहतो. सोबत जाणता माणूस नेतो, आणि तो विकणाऱ्याचा पाहुणा नाही ना, याची खात्री करून घेतो. शेत घेताना सातबारा काढतो, फेरफार पाहतो, बोजा आहे का ते बघतो. हाच माणूस सहा-सात लाखांची गाडी घेताना रंगाची चमक पाहतो, रेस देऊन आवाज ऐकतो आणि पैसे मोजतो. मला याचं नेहमी आश्चर्य वाटत आलं आहे.

साधी, घरगुती वापराची जुनी गाडी असली तर गावातला अनुभवी मेकॅनिक तासाभरात तिची कुंडली मांडतो. वेगवान गाडीचा प्रश्न वेगळा आहे. ती घेणाऱ्याने ती जोरात चालवण्यासाठीच घेतलेली असते. टर्बो, क्लच, ब्रेक, टायर यांनी किती सोसलं आहे, ते किलोमीटरच्या आकड्यावरून कळत नाही. ऐंशी हजार किलोमीटर शांतपणे चाललेली गाडी चाळीस हजार किलोमीटर पिळलेल्या गाडीपेक्षा चांगली असू शकते. शिवाय या गाड्यांचं निम्मं दुखणं संगणकात असतं आणि तो वाचायला त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा स्कॅनर लागतो. तो प्रत्येक तालुक्याच्या गावी असेलच असं नाही. नागपूर पांढरकवड्याहून सुमारे दीडशे किलोमीटर. म्हणून ही तपासणी आधी ठरवून घडवून आणावी लागते.

सुरुवात घरी बसूनच होते. मालकाकडून आरसीचे आणि विमा पॉलिसीचे स्पष्ट फोटो मागवा. परिवहन खात्याच्या ‘एम-परिवहन’ ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची आणि पीयूसीची मुदत, बँकेचा बोजा आहे की नाही, हे दिसतं. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती येईपर्यंत थांबा. ई-चलनांची यादी मालकाला त्याच्याच मोबाइलवर उघडून दाखवायला सांगा, भरलेली चलनंसुद्धा. थकबाकी कळते हे तर झालंच, पण अतिवेगाची आठ-दहा चलनं एका रांगेत दिसली, की गाडी कशी वापरली गेली हे मालकाने न सांगताच समजतं.

पॉलिसीतला एक आकडा बहुतेक लोक वाचत नाहीत. ‘नो क्लेम बोनस’. दावा न करता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर हा बोनस शून्य असेल, तर ‘नुकताच कशाचा क्लेम घेतला?’ असं सरळ विचारा. बंपर घासला म्हणूनही क्लेम होतो आणि गाडी उलटली म्हणूनही. उत्तर देताना माणूस अडखळतो का, ते बघा.

गाडी तेलंगणातली असेल तर आणखी एक हिशेब आहे. तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि एमएच-२९ चा नवा नंबर हा सगळा खर्च आणि हेलपाटे सौद्याच्या किमतीत धरा. हैदराबादची गाडी स्वस्त दिसते ती पुष्कळदा हे न धरल्यामुळे.

आता तपासणारा कोण? कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून जुन्या गाडीची तपासणी बहुधा करून मिळते. फायदा असा की गाडीचा तिथला सर्व्हिस इतिहास त्यांच्या संगणकात असतो, कोणत्या तारखेला किती किलोमीटरला कोणतं काम झालं ते कळतं. अडचण अशी की छापील यादीतल्या पन्नास-साठ मुद्द्यांवर खुणा करून कागद हातात देण्याकडे कल असतो. मला स्वतःला त्याच कंपनीच्या गाड्या रोज खोलणारं स्वतंत्र गॅरेज अधिक भरवशाचं वाटतं. त्या गॅरेजच्या फोरमनला कोणत्या मॉडेलचं काय दुखतं, हे पाठ असतं. सर्व्हिस इतिहास कंपनीकडून काढायचा आणि गाडी फोरमनला दाखवायची, हे दोन्ही जमलं तर उत्तम. सगळ्यात महत्त्वाचं, गॅरेज तुम्ही निवडायचं आणि फी तुम्ही द्यायची. विकणारा म्हणेल, ‘कालच चेक करून आणली, हा रिपोर्ट.’ तो रिपोर्ट घ्या, वाचा, आणि आपली तपासणी करायचीच.

गावातल्या मेकॅनिकला विसरू नका. तुमची जुनी जीप त्याने पंधरा वर्षं चालती ठेवली असेल तर त्याचा कान आणि डोळा कामाचा आहे. त्याची दिवसाची मजुरी द्या, जेवण द्या आणि सोबत न्या. कमिशनवर मात्र कोणालाही नेऊ नका. सौदा झाला तरच ज्याला पैसे मिळणार, तो सौदा मोडेल असं काही बोलणार नाही.

विकणाऱ्याशी फोनवर बोलताना गोल गोल बोलू नये. ‘गाडी पसंत आहे, किंमत जवळपास जमते. पण मी माझ्या खर्चाने अमुक गॅरेजला दाखवीन, साधारण तीन तास लागतील. तुम्ही स्वतः चालवत चला. त्यानंतर लगेच हो की नाही सांगतो.’ एवढं म्हटलं की पुरे. गाडी त्याने चालवावी, कारण वाटेत काही झालं तर विमा आणि जबाबदारी त्याची. काय काय उघडायचं, तेही आधीच सांगा. स्पार्क प्लग काढू द्यायला माणूस कचरतो, आणि ऐन वेळी वाद नको. विकणारा व्यापारी असेल तर त्याच्याकडे परिवहन खात्याचं अधिकारपत्र आहे का, तेही विचारा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते लागतं.

गाडी हैदराबादला असेल तर रस्ता साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. उगाच दोनदा हेलपाटा नको. तिथलं गॅरेज फोनवर ठरवा, फी त्यांना परस्पर पाठवा, विकणाऱ्याला गाडी तिथे न्यायला सांगा आणि रिपोर्ट, फोटो, स्कॅनरच्या पडद्याचे फोटो थेट तुमच्या मोबाइलवर मागवा. विकणाऱ्याच्या हातून आलेले फोटो तपासणीत धरू नयेत. हे समाधानकारक वाटलं तरच गाडीभाडं खर्च करा.

तपासणीच्या दिवशी इंजिन थंड हवं. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचा पहिला आवाज खोटं बोलत नाही. चेन खळखळते का, निळसर धूर येतो का, हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळतं. नागपूरला सकाळी आठला पोचायचं तर पहाटे पाचला निघावं लागेल, पण निघावं. पोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर तुमच्यासाठी गाडी आधीच ‘तयार’ केली गेली आहे.

लिफ्टवर गाडी चढली की गॅरेजवाल्याला त्याचं काम करू द्या. कुठे काय बघायला सांगायचं, तेवढं तुम्हाला माहीत असावं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं. कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा असतो, दुसऱ्यांदा मारलेला दोनशेच्या वर जातो आणि खाली पुट्टी असली की आकडा पाचशे, हजार असा उडी मारतो. एखादं दार रंगवलेलं असणं ही मोठी गोष्ट नाही. छताचा, पिलरचा आकडा चढला तर थांबा. चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच वयाचे आहेत का? ब्रेक डिस्कवर कमीत कमी किती जाडी चालते ते बहुधा लिहिलेलं असतं, ती मोजून घ्या.

पुराची गाडी ओळखणं आपल्या भागात फार गरजेचं झालं आहे. ४४ नंबरच्या रस्त्याची आपल्या बाजूची दोन्ही मोठी शहरं पाण्याखाली गेलेली आहेत, हैदराबाद ऑक्टोबर २०२० मध्ये आणि नागपूर सप्टेंबर २०२३ मध्ये. पुरात बुडालेल्या गाडीचं इंजिन धुऊन-पुसून चालू करता येतं, पण तारांच्या जोडांवर हिरवट गंज चढत राहतो आणि दीड-दोन वर्षांनी एकेक वस्तू बंद पडू लागते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, कधी कधी तिथे पाण्याची रेघ राहिलेली असते. सीटच्या खालचे रूळ, गालिच्याखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीचा खड्डा, या ठिकाणी गाळ धुवायला हात पोचत नाही. सगळं जुनं आणि सीट कव्हर, गालिचा तेवढा कोरा, हेही लक्षण चांगलं नाही.

आता संगणकाकडे येऊ. गाडीचा संगणक स्वतःच्या काही चाचण्या सतत घेत असतो. ऑक्सिजन सेन्सर, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पेट्रोलची वाफ, अशा. दोष सापडला की तो नोंदवतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो. स्कॅनर जोडून हे दोष दोन मिनिटांत पुसता येतात. दिवा विझतो आणि गाडी निर्दोष दिसते. पण पुसताना त्या चाचण्यांची हजेरीही कोरी होते. ती पुन्हा भरायला गाडी काही दिवस थंडीत सुरू होऊन, गर्दीत अडकून, महामार्गावर एका वेगाने धावून, अशा वेगवेगळ्या तऱ्हेने चालावी लागते. स्कॅनरवर याला ‘रेडिनेस’ म्हणतात. म्हणून फोरमनला ‘दोष आहेत का’ एवढंच विचारू नका, ‘रेडिनेस पूर्ण आहे का, आणि दोष पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली’ हेही विचारा. दोष शून्य, चाचण्या अपूर्ण आणि अंतर चाळीस किलोमीटर असं उत्तर आलं, तर तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी पाटी पुसली आहे. बॅटरी काढल्यानेही काही गाड्यांत असं होतं, आणि विकणारा तेच सांगेल. ठीक आहे म्हणा, आठ दिवस गाडी वापरा, मी पुन्हा येतो. त्या आठ दिवसांत दिवा आपोआप परत लागतो किंवा लागत नाही.

किलोमीटरचा काटा मागे फिरवला असेल तर तोही इथे पकडता येतो. बऱ्याच गाड्यांत हे अंतर डॅशबोर्डशिवाय गिअरबॉक्सच्या, ब्रेकच्या संगणकातही नोंदलेलं असतं. काटा फिरवणारा सगळीकडे हात फिरवतोच असं नाही.

रिमॅप हा या गाड्यांचा खास विषय. इंजिनाच्या संगणकातला कार्यक्रम बदलून ताकद वाढवतात. गाडी बाहेरून जशीच्या तशी, पण टर्बोचा दाब वाढलेला, आणि क्लच, गिअरबॉक्स मूळ ताकदीसाठी बनवलेले. काही रिमॅप महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल गृहीत धरून केलेले असतात. ते आपल्या तालुक्यात रोज कुठून आणणार? विकताना मूळ कार्यक्रम परत टाकला जातो, त्यामुळे ताकदीवरून काहीच कळत नाही. बदललेला सायलेन्सरचा पुढचा पाइप, गायब झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंटरकूलरच्या पाइपात साचलेलं ऑइल, या खुणा शोधायला सांगा. हा फक्त आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला असे बदल दिसले, तर दाव्याचं भांडण तुमच्या नावावर.

पोलो जीटी टीएसआयसारख्या गाडीत सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. मोकळ्या रस्त्यावर फार गोड चालतो, शहरातल्या मुंगीच्या चालीत तापतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना थरथर येते का, चढावर मागे-पुढे करताना धक्का बसतो का, ते पाहा. हा गिअरबॉक्स गेला तर खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो. बाकी इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले म्हणजे झालं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच छापील यादीत नसते. कापसाचे पैसे आपल्याकडे येतात ते दिवाळीनंतर, थंडीत. गाड्या तेव्हाच घेतल्या जातात. डिसेंबरच्या सकाळी कुठल्याही गाडीचा रेडिएटर उत्तम आणि कुठलाही एसी थंडगार. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की टर्बो गाडीची खरी परीक्षा असते, आणि तोवर पैसे देऊन पाच महिने झालेले असतात. म्हणून थंडीत गाडी घेणाऱ्याने चालवून आल्यावर लगेच ती उन्हात उभी करून, एसी पूर्ण लावून, अर्धा तास इंजिन चालू ठेवायला सांगावं. तापमानाचा आकडा स्कॅनरवर बघत राहावं. पंखा लागतो, आकडा खाली येतो, पंखा थांबतो, पुन्हा लागतो, असं नियमित चाललं पाहिजे. पाण्याच्या टाकीची पातळी आधी आणि गाडी पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा बघा. शिवाय आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील बघायला विसरू नका.

रिपोर्ट लिहून घ्या, तोंडी नको. त्यात दोष निघणारच. सात वर्षांची गाडी आहे. टायर, ब्रेक, बॅटरी हे खर्चाचे दोष, त्यांचा अंदाज काढून किमतीतून कमी करून मागावेत. चेसिसला धक्का, पुराचं पाणी, कागदातली गडबड यांवर घासाघीस करू नये, चहा पिऊन परत यावं. तपासणीची फी काही हजारांत जाते आणि गाडी नाकारली तर ती बुडाली असं घरचे म्हणतात. म्हणू द्या.

सौदा झालाच, तर फॉर्म २९ आणि ३० वर त्याच दिवशी सह्या घ्या, आणि गाडी ताब्यात दिल्या-घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद दोघांनी ठेवा. विकणाऱ्यालाही याची गरज आहे, कारण नोंद ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात सांगितलं आहे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपल्याकडे ते काम यवतमाळच्या कार्यालयाचं. विमा नावावर करायची मुदत चौदा दिवसांची. तोवर समोरच्याच्या नुकसानीचा विमा तुमच्याकडे येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा नाही. तेव्हा पॉलिसी नावावर होईपर्यंत गाडी शेडमध्ये उभी राहिली तर बिघडत नाही. दोन-चार दिवसांनी शेडबाहेर मोकळ्या हवेत काढून वीस मिनिटं सुरू करून ठेवा, बॅटरी उतरणार नाही.